चार लेकरं, एक आलमारी: रंगानं सामान वेगळं केलं तर सकाळ सोपी होते का?

चिऊताई_मनीषनगर

नमस्कार. आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो, एकत्र कुटुंब आहे. सासूबाई, सासरे, भासरे, जाऊबाई, आम्ही दोघं आणि चार पोट्टे. माझी मोठी ८ वर्षांची, जाऊबाईंचा मुलगा ६ चा, आणि माझे जुळे, एक मुलगा एक मुलगी, नुकतेच ३ पूर्ण झाले. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून अजून थोडे दिवस हाती आहेत, पण यंदा जुळ्यांचीही नर्सरी सुरू होणार, म्हणजे रोज सकाळी चार डबे, चार बाटल्या, चार दस्त्या (रुमाल), आठ मोजे, आणि हे सगळं एकाच आलमारीतून अन एकाच ओट्यावरून निघणार.

सकाळी मी आणि जाऊबाई ओट्याशी असतो, आंघोळी आणि कपडे सासूबाई बघतात. त्यांना दर वेळी हाक मारून विचारावं लागतं की हा मोजा कोणाचा, ही चड्डी कोणाची, आणि तेवढ्यात एखादं पोट्टं दुसऱ्याचा टॉवेल ओला करून मोकळं होतं. नावं लिहायची तर जुळ्यांना वाचता येत नाही, सासूबाईंना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून मला वाटून राहिलं की प्रत्येकाला एक रंग द्यावा आणि त्याच्या सगळ्या वस्तूंवर तोच लावावा.

जाऊबाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात रंग लेकरांना नको, कामाला द्या, म्हणजे शाळेचं सगळं लाल टोपलीत, घरचे कपडे निळ्या टोपलीत, धुवायचे पिवळ्या टोपलीत. मला दोन्ही पटतं आणि तिथंच अडलं आहे.

अजून अडचणी अशा की युनिफॉर्म तर सगळ्यांचा सारखाच, त्याला रंग लावणार कुठं? मोठी आणि जाऊबाईंचा मुलगा दोघांनाही निळाच पाहिजे, त्यावरून आताच रडारड झाली. आणि सगळं नवीन घ्यायचं नाही आहे, घरात आहे त्यावरच काही लावायचं आहे, जे गरम पाण्यात, घासणीखाली आणि आपल्या उन्हात टिकेल. ज्यांनी केलं आहे त्यांनी सांगा प्लीज.

संत्राबर्फी

ताई करा बिनधास्त, आमच्याकडे तीन आहेत (त्रिमूर्तीनगरला राहतो आम्ही) आणि खूप फरक पडतो. फक्त सगळ्या घराला रंग लावत बसू नका. ज्या वस्तूवरून रोज वाद होतो आणि जी वस्तू दुसऱ्याची वापरणं बरं नाही तेवढीच घ्या. आमच्याकडे दात घासायचा ब्रश, टॉवेल, पाण्याची बाटली, दस्ती आणि मोजे, बस. खेळणी, गोष्टीची पुस्तकं, ताट-वाट्या कोणाच्याच नाहीत, सगळ्यांच्या आहेत.

रंगावरून भांडण होणारच. मी सगळ्यात लहानाला आधी निवडू दिलं, पण त्याच्यापुढं दोनच रंग ठेवले, मग मधल्याला, मग मोठीला. मोठी रुसली तर तिला सांगितलं की बाकी दोघांच्या वस्तूंवर टेप लावायचं काम तुझं, तर ती खूश झाली. मधल्याला पिवळा आला होता, तर गल्लीतली पोरं त्याला पिवळी मारबत (पोळ्याच्या मिरवणुकीतला मोठा पुतळा) म्हणून चिडवायला लागली, पोळ्याचे दिवस होते ना, मग त्याला संत्र्याचा रंग दिला आणि तो आजपर्यंत आहे. लेकराला एखादा रंग खरंच नको असेल तर बदलून द्या, पण शाळा सुरू व्हायच्या आत. एकदा सगळ्यांच्या डोक्यात बसला की मग हात लावू नका.

सीमाताई_नर्स

चिऊताई, तुमचा खरा प्रश्न तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई दोघी मिळून विचारून राहिल्या आहात, तो म्हणजे रंगाचा अर्थ काय. लाल म्हणजे मोठी, की लाल म्हणजे शाळा? यातलं कुठलंही एक चालेल, पण दोन्ही एका घरात चालणार नाही. लाल बाटली मोठीची आणि लाल टोपली शाळेच्या कपड्यांची असं झालं की तीन वर्षांचं लेकरू तुमच्या मोठीची बाटली शाळेच्या टोपलीत टाकणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

मी वॉर्डात काम करते. आमच्याकडे कचऱ्याचे रंग ठरलेले आहेत. पिवळ्यात रक्त लागलेला कापूस आणि पट्ट्या, लालमध्ये सलाईनच्या नळ्या आणि वापरलेलं प्लॅस्टिक, पांढऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काच. २०१६ च्या नियमांप्रमाणे हे देशभर सारखं आहे, त्यामुळे दुसऱ्या दवाखान्यातून आलेली नर्स पहिल्या दिवशीही विचारत नाही की हे कुठं टाकू. हे चालतं ते रंग छान आहेत म्हणून नाही, एका रंगाचा एकच अर्थ आहे आणि प्रत्येक डब्याच्या वर भिंतीवर तक्ता लावलेला आहे म्हणून चालतं. घरातही आलमारीच्या दारावर आतून एक कागद लावा, चार रंग आणि समोर चार लेकरांचे फोटो. पाहुण्या आलेल्या मावशीलाही कळलं पाहिजे.

माझं मत विचाराल तर रंग लेकरांना द्या आणि कामाला जागा द्या. म्हणजे शाळेचं खालच्या कप्प्यात, घरचं मधल्या, धुवायचं बाथरूमच्या बाहेर. जागेला रंगाची गरज नसते, ती हलत नाही. लेकरू आणि त्याची बाटली हलते, म्हणून रंग तिला लागतो. जाऊबाईंनाही सांगा, त्यांची कप्प्यांची आयडिया सोडायची नाही आहे, फक्त तिचा रंग काढायचा आहे.

घरात ओल्या कचऱ्याचा हिरवा आणि सुक्या कचऱ्याचा निळा डबा असेल ना? तो असू द्या, पण त्याच्या बाजूला कोणाच्या धुवायच्या कपड्यांची हिरवी किंवा निळी बास्केट ठेवू नका. जुळे छोटे आहेत, मोजा कचरागाडीत जायला वेळ लागत नाही.

आता सासूबाईंबद्दल, कारण सकाळी हे सगळं त्यांच्याच हातून होणार आहे. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग थोडं पिवळसर होतं आणि मोतीबिंदू असेल तर आणखी, त्यामुळे गडद निळा आणि काळा, निळा आणि जांभळा, फिकट हिरवा आणि फिकट निळा हे वेगळे ओळखायला त्रास होतो. सकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात तर जास्तच. म्हणून रंग ठरवायच्या आधी चारही टेपचे तुकडे त्यांच्यापुढं ठेवा, चष्मा न लावता, आणि विचारा. त्यांना जे पटकन वेगळे दिसतील तेच घ्या.

आणि एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. औषधाच्या बाटल्यांना फक्त रंग लावून मोकळं होऊ नका. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ असं मिळतं आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ असंही मिळतं. चमचा तोच, पण औषध दुप्पट. लेकराचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे ८ वर्षांच्या मोठीचं आणि ३ वर्षांच्या जुळ्यांचं प्रमाण एक नसतं. रंग फक्त कोणाचं ते सांगतो, किती द्यायचं ते सांगत नाही. टेप लावायची असेल तर छापलेलं लेबल झाकलं जाणार नाही अशी लावा आणि टेपवर मार्करनं नाव, किती मिली, किती तासांनी आणि बाटली कधी उघडली ती तारीख लिहा, मोठ्या अक्षरात. आणि ती टोपली लेकरांच्या रंगाच्या सामानासोबत नको, वरच्या फळीवर, हात न पोचेल अशी. स्वतःच्या रंगाची बाटली दिसली की लेकरू ती आपली समजून उघडायला जातं.

बालवाडीची_ताई

सीमाताईंचं पूर्ण पटलं. मी लहान मुलांना शिकवते म्हणून जुळ्यांबद्दल सांगते. तीन वर्षांच्या लेकराला रंगाचं नाव सांगता आलं नाही तरी घाबरू नका, रंगाला रंग जुळवणं आधी येतं, नाव नंतर येतं. म्हणून 'तुझी लाल बाटली आण' असं म्हणून ते गोंधळलं तर त्याच्या हातात लाल टेपचा तुकडा द्या आणि 'हिच्यासारखी शोध' म्हणा, आणेल बरोबर. मॉन्टेसरीच्या रंगांच्या पहिल्या पेटीत फक्त लाल, पिवळा, निळा यांच्या जोड्या असतात, लेकरं आधी नुसत्या जोड्या लावतात. नाव शिकवायच्या तीन पायऱ्या. आधी 'हा लाल', मग 'लाल दे बरं', आणि सगळ्यात शेवटी 'हा कोणता'. घरात आपण उलटं करतो, सुरुवातच 'हा कोणता गं' अशी करतो आणि लेकरू गप्प बसलं की येत नाही म्हणतो.

दुसरं, दोन मुलगे आहेत घरात, म्हणून एक मनात ठेवा. काही लेकरांना लाल आणि हिरवा, किंवा हिरवा आणि तपकिरी यातला फरक नीट दिसत नाही. मुलग्यांमध्ये हे मुलींपेक्षा खूप जास्त, कारण ते एक्स क्रोमोसोमवर असतं आणि मुलाकडे एकच एक्स असतो, आईकडून आलेला. आईला स्वतःला काही त्रास नसतो, पण आईच्या वडिलांना असेल तर नातवात उतरू शकतं. घरात कोणाला माहीतच नसतं, लेकरू झाडाचं पान तपकिरी रंगवतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही त्याचं. रोज एखादं मूल दुसऱ्याच्या हिरव्या-लालमध्ये गोंधळत असेल तर रागावू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ठिपक्यांच्या चित्रांची तपासणी असते, जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये काढलेली. आकडे न येणाऱ्या मुलांसाठी त्यात बोटानं वाट काढायच्या रेघाही असतात.

म्हणून माझ्या हिशोबानं लाल-हिरवी जोडी घरात आणूच नका. लाल, पिवळा, निळा हे तीन घ्या. चौथ्याला रंग न देता पट्टे द्या, पिवळ्या टेपवर काळ्या मार्करनं आडवे पट्टे ओढले की झाला वाघ. आपल्याकडची पोरं, ताडोबा-पेंचच्या गोष्टी ऐकत मोठी होतात, जुळ्यातल्या एकाला 'तू पट्टेवाला वाघ' म्हटलं तर तो रंग कोणालाच देणार नाही. फक्त नुसता पिवळा मग दुसऱ्या जुळ्याला देऊ नका, मोठीला द्या, तिला फरक कळतो.

आणि रंगासोबत खूणही लावा. मोठीला एक ठिपका, दोन नंबरला दोन, असे. मेट्रोचंच बघा ना, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ऑरेंज लाईन, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ॲक्वा लाईन, नावं रंगांचीच आहेत तरी सीताबर्डीला गाडी बदलताना आपण नुसता रंग बघत नाही, गाडी कुठं जाते ते पण वाचतो. रंग चुकला तर दुसरी खूण वाचवते.

विनय_धरमपेठ

मला इथं थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका कोणी. दोन मुलांचा बाप आहे. रंग लावल्यावर आमच्या घरी एक गोष्ट दिसली ती म्हणजे धाकटा कोणालाच काही देईना, 'माझा रंग आहे' हे उत्तर प्रत्येक गोष्टीला. चित्रं काढायच्या पेटीतला निळा खडूसुद्धा माझा, कारण मी निळा. संत्राबर्फी ताईंनी म्हटलं ते फार महत्त्वाचं आहे, खेळणी आणि पुस्तकांना रंग लावायचाच नाही. मी तर म्हणतो एक टोपली मुद्दाम बिनरंगाची ठेवा, वेताची किंवा पांढरी, त्यात जे असेल ते सगळ्यांचं. आणि लेकरांना रंगानं हाक मारू नका. 'निळ्या, इकडं ये' असं घरात सुरू होतं गमतीत, ते पहिल्या दिवशीच थांबवा. लेकराला नाव आहे.

अजून एक. रंगांचा कामाचा तक्ता करायचा मोह होतो, लालनं टॉवेल वाळत घालायचे, पिवळ्यानं चपला लावायच्या. करा, चांगलं आहे, पण दर आठवड्याला कामं फिरवा. नाही तर घरातल्या मोठ्या मुलीच्या रंगापुढं सगळ्यात जास्त कामं येतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जाऊबाईंचा मुलगा ६ चा आहे, तो चपला लावू शकतो, टॉवेल उचलू शकतो. जुळेही आपापला मोजा टोपलीत टाकू शकतात.

चिऊताई_मनीषनगर

किती छान सांगितलं सगळ्यांनी. विनयदादा, मोठीचं तुम्ही बोललात ते मला लागलं, खरंच घरात सगळे तिलाच हाक मारतात.

सीमाताई, सासूबाईंपुढं टेपचे तुकडे ठेवले आजच. निळा आणि जांभळा त्यांना एकच वाटला. पोपटी आणि पिवळाही जवळजवळ एकच. लाल, पिवळा, गडद निळा हे झटकन ओळखले. पट्टेवाला दाखवला तर म्हणे हा सगळ्यात सोपा, हातानंही कळेल जाड टेपचा केला तर. जाऊबाई पण तयार झाल्या, त्यांच्या कप्प्यांवर रंग नाही, चित्रं लावणार आहेत. पट्ट्यांवरून जुळ्यांची ओढाताण झाली, चिठ्ठी टाकली, मुलीला आले. मुलाला लाल. जाऊबाईंच्या मुलाला निळा आणि मोठीनं स्वतःहून पिवळा घेतला, पण तिनं अट घातली की ठिपका तिचा एकच राहील कारण ती एक नंबर.

आता राहिला प्रश्न लावायचा कशानं. स्टीलचे डबे, युनिफॉर्म, मोजे, बाटल्या. आणि एक नवीन प्रश्न, मोठीचे शर्ट लहान झाले की जाऊबाईंच्या मुलाला जातात आणि मग जुळ्यांकडे, तेव्हा रंगाचं काय करायचं?

आबाजी_उमरेडरोड

बाई, याच्यावर मी सांगतो, काहून का आमच्या घरी हे काम माह्याकडंच हाय. लेकाले अन सुनेले ड्युट्या, मी रिटायर माणूस, नातवंडाइच्या शाळेची सगळी तयारी म्या अंगावर घेतली.

पयले टेपचं सांगतो. विजेच्या कामाची जे चिकटपट्टी रायते ना, हार्डवेअरच्या दुकानात लाल, पिवळी, निळी, काळी, सगळ्या रंगात भेटते, स्वस्त रायते अन ताणून लावली त गोल बाटलीवर चांगली बसते. प्लॅस्टिकच्या बाटलीले हेच लावा. पण आपल्याकडं एप्रिल-मे मंधी पारा ४५ च्या वर जाते, त उन्हात ठेवलेल्या बाटलीवरचा गोंद पातळ होते, टेप सरकते अन हाताले चिकट लागते. म्हणून बाटली उन्हात वाळवाची नाई, सपरीत सावलीत उलटी ठेवाची. टेप लावाच्या आधी बाटली कोरडी पायजे, तेल-साबण काई नको, अन टेपचं शेवटचं टोक ताणाचं नाई, ताणलं त तेथूनच उकलते. टोकावर टोक चढवा. जुना गोंद निघत नसन त खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा, मंग कापडानं पुसून साबणानं धुवा.

स्टीलच्या डब्याले टेप लावू नका, भांडेवाली तारेच्या घासणीनं घासते, दोन दिवस टिकत नाई. इतवारीत भांड्याच्या दुकानात मशीननं नाव घालून देतात, तसंच तुम्ही ठिपके घालून घ्या. एक ठिपका, दोन ठिपके, तीन, चार. डब्याच्या झाकणावर बी अन बुडावर बी, काहून का झाकणंच अदलाबदल होतात. ते जन्मभर जात नाई, अन तुह्या सासूले बोट फिरवलं तरी समजन. रंग पायजेच असन त डब्याच्या पिशवीले लावा, डब्याले नाई. आमच्या एका शेजाऱ्यानं डब्याले ऑईलपेंट मारला, ते मले पटत नाई, खाण्याच्या भांड्याले पेंट कायले?

कपड्याइचं सोपं हाय. शर्टाच्या कॉलरच्या आतून, जेथं लेबल रायते तेथं, अन चड्डीच्या कमरेत आतून, रंगीत दोऱ्याचे चार आडवे टाके घाला. बाहेरून दिसत नाई त शाळावाले काई म्हणत नाईत. मोज्याले वरच्या रबराच्या आतून. दोरा शिलाईचा पॉलिएस्टरचा घ्या, त्याचा रंग जात नाई शक्यतो. कशिद्याचा सुती लाल दोरा असन त पयले गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर घासून पाहा, रंग सुटला त वापरू नका, पांढरा मोजा गुलाबी होऊन जाईन. नवीन लाल टॉवेल घेतला त तो बी पयले दोन-तीन खेपा येगळा धुवा.

सीमाताई_नर्स

आबाजी, पेंटबद्दल तुम्ही बरोबर बोलले. घरगुती रंगात शिसं किती असावं याची मर्यादा आपल्याकडे ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे, २०१६ च्या नियमांनी ठरलेली आणि २०१७ पासून लागू, पण तो नियम भिंती आणि दारांच्या रंगासाठी आहे, खायच्या भांड्यासाठी नाही. घरात पडलेला रंगाचा जुना डबा तर त्याच्याही आधीचा असू शकतो. लहान लेकरांच्या अंगात शिसं गेलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, म्हणून डब्याला, गिलासाला, चमच्याला पेंट नकोच. नेलपॉलिशचा ठिपका पण लावतात काही जण, तो गिलासाच्या काठाजवळ, तोंड लागतं तिथं किंवा आतून अजिबात नको. ठिपके कोरून घेणं सगळ्यात चांगलं.

आणि जुळे तीनचे आहेत तर खूण म्हणून मणी, बटणं, छोटे चुंबक काही लावू नका. निघालं की तोंडात जातं. दोरा आणि टेपच बरे, आणि टेपचं टोक सुटलं की लगेच बदला, नाही तर तेही चावत बसतात.

संत्राबर्फी

मोज्यांसाठी अजून एक. धुतल्यावर जोड्या लावण्यात जो वेळ जातो ना, त्यासाठी जाळीच्या झिपच्या पिशव्या घ्या चार, प्रत्येकाच्या रंगाच्या दोऱ्यानं खूण करून. लेकरानं संध्याकाळी मोजे काढले की आपल्या पिशवीत, पिशवी तशीच मशीनमध्ये. वाळत घालायचे चिमटे पण रंगीत मिळतात पाकिटात. दोरीवर ज्याचा चिमटा त्याचा कपडा, म्हणजे घडी घालतानाच चार ढीग होतात, नंतर वेगळे करत बसायला नको. आमच्याकडे घड्या मुलंच घालतात, वाकड्यातिकड्या घालतात पण घालतात.

बालवाडीची_ताई

चिऊताई, तुमच्या मोठीला चारही ठिपक्यांचा तक्ता बनवायला सांगा, पण जुळ्यांना शिकवायचं काम सासूबाईंना द्या, आंघोळीनंतर टॉवेल शोधायचा खेळ. सुरुवातीला चारही टॉवेल समोर ठेवू नका, दोनच ठेवा. दोनातून आपला बरोबर ओळखायला लागले की तिसरा, मग चौथा. आणि शाळा सुरू व्हायच्या आधी घरच्या घरी हे होऊ द्या, नर्सरीच्या पहिल्या आठवड्यात लेकरं तशीच रडकुंडीला आलेली असतात, तेव्हा नवीन काही नको.

शाळेत पाठवायच्या वस्तूंवर मात्र रंगाशिवाय पूर्ण नाव आणि वर्ग लिहाच. वर्गात लाल बाटल्या दहा असतात. तुमच्या घराचे रंग आम्हा शिक्षकांना माहीत नसतात.

चिऊताई_मनीषनगर

हे लक्षातच आलं नव्हतं, नाव लिहिते. आबाजी, शर्ट खाली गेला की दोऱ्याचं काय करायचं ते राहिलं. उसवून दुसरा रंग घालायचा का? जाऊबाई म्हणतात दर वर्षी चारही लेकरांचे कपडे उसवत बसायला वेळ कोणाले आहे.

आबाजी_उमरेडरोड

उसवाची गरज नाई बाई. खाली जाणाऱ्या कपड्याले रंगाचा दोरा लावूच नका, ठिपका लावा. कपड्यावर लिहाचा काळा पक्का मार्कर भेटते, धुण्यानं जात नाई लवकर. मोठीचा शर्ट, आतून एक ठिपका. तो दोन नंबरच्या पोट्ट्याले गेला का बाजूले अजून एक ठिपका द्या, झाले दोन. खाली गेला त तिसरा, मंग चौथा. जेवढे ठिपके तेवढ्या नंबरचा मालक. मिटवाचं काई नाई, वाढवतच जाचं. जुळ्याइत कोण तीन अन कोण चार ते तेवढं आजच ठरवून घ्या, नाईतर मंग वाद होतात.

रंगाचा दोरा फक्त जे खाली जात नाई त्याले, मोजे, चड्ड्या, बनियन, दस्त्या, टॉवेल. ते फाटेस्तोवर एकाचंच रायते.

फिका पडला ठिपका त उन्हाळ्याच्या सुट्टीत परत द्या. मी त शाळा उघडाच्या आठवडाभर आधी सगळे कपडे बंगईवर घेऊन बसतो, नातवंडं एक-एक आणून देतात अन मी ठिपके मोजतो. मार्कर झाकण लावून ठेवा, काचेवर लिहाचा नाई, कपड्यावाला मागा दुकानात, त्याच्यावर लिवलेलं रायते कपड्यासाठी म्हणून. लावल्यावर एक रात्र वाळू द्या, मंगच धुवा.